झाकली मूठ

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले की आमच्या घरात दोन गोष्टी सुरू होतात. मी फराळाचे डबे घासायला काढते आणि "यंदा कशावर लिहिणार?" असे आमचे हे रोज चहाबरोबर विचारू लागतात. आजवर या सदरात मी मऊ पडलेल्या चकलीवर लिहिले, तुपात विरघळलेल्या अनारशांवर लिहिले, वाड्यातून फ्लॅटच्या खिडकीत आलेल्या तुळशीवरही लिहिले. वाचकांनी ते सारे गोड मानून घेतले. पण एक लेख गेली काही वर्षे माझ्याकडे थकला आहे. दर दिवाळीला तो लिहायला बसते आणि दर दिवाळीला चकलीकडे वळते. यंदा सूनबाईच म्हणाली, "आई, या वेळी लिहाच. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल." या गोष्टीत चूक माझी होती आणि सोसली ती तिने, तेव्हा परवानगीही तिचीच हवी होती.

२०१८ सालची दिवाळी. आमचा नातू तेव्हा साडेचार महिन्यांचा होता. घरातले पहिले नातवंड आणि त्याची पहिली दिवाळी! नरकचतुर्दशीला पहाटे त्याला तेल लावून, उटण्याचे बोट फिरवून न्हाऊमाखू घातले आणि दुपट्यावर उताणे निजवले. तेवढ्यात खालच्या चौकात कुणीतरी सुतळी बाँब लावला. बाळ दचकले. त्याचा उजवा हात एकदम वर उडाला, बोटे फाकली, मग हात हळूहळू छातीशी आला आणि बाळाने टाहो फोडला. डावा हात मात्र जागचा हलला नाही. त्याची मूठ मिटलेलीच राहिली, अंगठा आत दडपलेला.

मी त्याला उचलले, फटाके लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. आजीचे काम तेथे संपले असे मला वाटले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सारा जन्म प्रसूतिगृहात गेलेला, म्हणून सगळी इमारत त्यांना सिस्टरबाई म्हणते. त्या फराळाचे ताट द्यायला आल्या होत्या आणि दारातूनच त्यांनी हे पाहिले होते. ताट ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "वहिनी, बाळ दचकलं ते ठीकच. पण दचकताना दोन्ही हात उडायला हवेत हो. एकदा डॉक्टरांना दाखवा."

सणासुदीच्या दिवशी कुणी घरात येऊन असे बोलावे याचा मला राग आला. मी हसून म्हटले, "अहो, तो उजवा आहे. आजोबांवर गेलाय!" सिस्टरबाई काही बोलल्या नाहीत. ताटावरचा रुमाल घडी करून घेऊन गेल्या.

आता दचकण्याबद्दल थोडे सांगते, म्हणजे त्या काय म्हणत होत्या ते कळेल. मला हे ज्ञान फार उशिरा झाले.

तान्हे मूल झोपेत दचकते, दोन्ही हात पसरते आणि पुन्हा कवेत घेतल्यासारखे आवळते, हे कुठल्या आईने पाहिलेले नाही? आपल्याकडे म्हणतात, सटवाई त्याला घाबरवते. जर्मनीत हायडेलबर्ग येथे एर्न्स्ट मोरो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९१८ साली या दचकण्याचे नीट वर्णन केले. मूल निजलेले असताना ते त्याच्या उशीवर दोन्ही बाजूंनी थाप मारीत आणि काय होते ते पाहत. त्यांना वाटले, ही तर मिठी मारण्याची क्रिया! माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला बिलगते, तिचाच हा माणसात उरलेला अंश. आजही डॉक्टर याला मोरोची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. जन्मतःच ती असते आणि चार ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. ती मुळीच नसेल, सहा महिन्यांनंतरही जोरात राहिली असेल किंवा एकाच हाताला होत असेल, तर डॉक्टर सावध होतात.

प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलो आहोत. गरम तव्याला बोट लागले की विचार करण्याआधीच हात मागे येतो, ती. तान्ह्या मुलाजवळ अशा कितीतरी क्रिया जन्माबरोबरच येतात. गालाला बोट लावले की तोंड तिकडे वळते. तळहातात बोट दिले की मूठ आवळते, आणि केवढ्या जोराने! लंडनचे डॉक्टर लुई रॉबिन्सन यांनी १८९१ मध्ये साठेक नवजात मुलांना काठीला धरायला लावून पाहिले, तर बहुतेक मुले काही सेकंद स्वतःच्या वजनासकट लोंबकळली. (हा प्रयोग कृपा करून घरी करू नका!) उभे धरून पाय टेकवले तर महिन्याभराचे मूल चक्क पावले टाकते. आमच्या ह्यांनी ते पाहून "हा पोरगा सहाव्या महिन्यात धावणार" असे सगळ्या इमारतीत सांगितले होते. दोन महिन्यांनी पावले बंद झाली, तेव्हा ह्यांचे तोंड पाहण्यासारखे झाले. ती बंद का होतात याचा छडा अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांनी १९८४ मध्ये लावला. पावले टाकणे थांबलेल्या मुलांना त्यांनी छातीपर्यंत पाण्यात उभे धरले, तर मुले पुन्हा पावले टाकू लागली. पायांवर बाळसे चढते, पण जोर तेवढा आलेला नसतो. पाय जड होतात, एवढीच गोम.

एवढी माहिती तेव्हा मला असती तर! पण मला होते ते माझे अनुभवाचे शहाणपण. दोन मुले वाढवली, नणंदांची चार वाढवली, आता नव्याने शिकायचे काय? सूनबाई एकदा म्हणाली, "आई, हा खुळखुळा नेहमी उजव्याच हातात घेतो. डाव्या बाजूला धरला तरी उजवा हात आडवा आणतो." मी म्हटले, "चांगलंच आहे की." पुन्हा एकदा म्हणाली, "आई, याची डावी मूठ मला उघडून धुवावी लागते. आत मळ साठतो." मी तिला म्हटले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. वाचकहो, ते हसणे मला अजून ऐकू येते.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "एकाच कुशीवरून पालथा पडतो हा." तेव्हा मी जरा चिडूनच बोलले, "प्रत्येक मूल वेगळं असतं. तुझा नवरा सोळा महिन्यांचा होऊन चालला. पुस्तकं वाचून मुलं वाढत नाहीत." ती गप्प बसली. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने एकदा असे म्हटले की नव्या आईचे तोंड बंद होते, हे मी स्वतः सून असताना भोगले होते. तरी तेच मी तिच्या बाबतीत केले.

२०१९ च्या फेब्रुवारीत बाळ साडेसात महिन्यांचे झाले. सूनबाईने या खेपेस कुणालाच विचारले नाही. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली, बाळाला उचलले आणि म्हणाली, "डॉक्टरांकडे चाललेय. तुम्ही येणार असाल तर चला." मी मुकाट्याने चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण हात फार शांत. त्यांनी आधी बाळाला सतरंजीवर सोडले आणि दहा मिनिटे नुसते पाहत बसल्या. मग त्याला उताणे निजवून त्याची मान एका बाजूला वळवली. लहान बाळाची मान अशी वळवली की ज्या बाजूला तोंड त्या बाजूचा हात-पाय सरळ होतो आणि दुसऱ्या बाजूचा मुडपतो. अगदी पट्टा फिरवणाऱ्या मावळ्याचा पवित्रा! ही क्रियाही चार-सहा महिन्यांत मावळायला हवी. ती राहिली तर हाताकडे पाहत पाहत हात तोंडाशी नेणे मुलाला जमत नाही, कुशीवर वळणे अवघड जाते. आमच्या बाळाची मान उजवीकडे वळवली तेव्हा तो मजेत हात चोखत राहिला. डावीकडे वळवली आणि डावा हात काठीसारखा ताठ झाला.

मग त्यांनी त्याला दोन्ही बगलांत धरून उचलले आणि तोंड खाली करून टेबलाकडे झटकन नेले. सात ते नऊ महिन्यांच्या सुमारास मुलात एक नवी क्रिया उगवते. पडतो आहोत असे वाटले की दोन्ही हात पुढे येतात. ही जन्मभर राहते. आपण घसरलो की मनगट मोडून घेतो ते तिच्याचमुळे. बाळाचा उजवा हात पुढे आला. डाव्याची मूठ छातीशीच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावले ते असे. घराचा स्लॅब घालताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट घट्ट झाले की ते काढतात. तान्ह्या मुलाच्या या आदिम क्रिया मेंदूच्या खालच्या भागातून आणि मज्जारज्जूतून चालतात. वरचा मेंदू पिकत गेला की तो त्यांना दाबून ठेवतो आणि हातपाय आपल्या हुकमतीत घेतो. क्रिया नष्ट होत नाहीत, झाकल्या जातात. म्हणून म्हातारपणी मेंदू झिजला तर त्या पुन्हा डोके वर काढतात. मला माझ्या सासूबाई आठवल्या. शेवटच्या वर्षी त्या कुणाला ओळखत नव्हत्या, पण तळहातात बोट दिले की घट्ट धरून ठेवीत. आम्हांला वाटे, माया अजून शिल्लक आहे. ती असेलही, पण ती पकडही शिल्लक होती.

"सेंटरिंग वेळेवर निघालं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर वरचं काम का अडलं ते बघायला हवं. आणि वर्षाच्या आत मूल एकाच हाताचं झालं, तर ते उजवं नसतं, आजी. त्याच्या दुसऱ्या हाताला काहीतरी झालेलं असतं."

एमआरआय झाला. जन्माच्या सुमारास केव्हातरी मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. त्या बाजूचा मेंदू शरीराची डावी बाजू चालवतो. बाळंतपण सुरळीत झाले होते, बाळ जन्मताच रडले होते. बाहेरून काही कळण्याजोगे नव्हते. त्या रात्री मुलगा गॅलरीत उभा होता. मी जवळ गेले आणि म्हटले, "दिवाळीतच दाखवायला हवं होतं रे." तो म्हणाला, "आई, झोप आता." त्याने दोष दिला असता तर बरे झाले असते.

मग उपचार सुरू झाले. आठवड्यातून तीनदा व्यायामतज्ज्ञ बाई, आणि घरी रोज आमची शाळा. रोज ठरलेला वेळ बाळाच्या चांगल्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे त्याला डाव्या हाताने खेळणे ओढण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या दिवशी तो असा रडला की मी देवघरात जाऊन बसले. सूनबाई मात्र तेथेच बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाने ती चिऊकाऊची गोष्ट सांगत होती. चौथ्या दिवशी त्याने डाव्या मुठीने कणकेचा गोळा ढकलला. अकराव्या दिवशी त्या गोळ्यात बोट खुपसले. एक बोट! आमच्या ह्यांनी पेढे आणले.

मी डॉक्टरीणबाईंना एकदा एकटीने गाठून विचारले, "तीन महिने आधी आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "किती फरक पडला असता, ते कुणीच सांगू शकणार नाही. पण लहान मेंदू नवे रस्ते लवकर काढतो. म्हणून आम्ही वाट पाहा असं म्हणत नाही." त्यांनी मला माफही केले नाही आणि दोषही दिला नाही. तेच योग्य होते.

आता आयांसाठी चार गोष्टी. घाबरवण्यासाठी नाहीत, नजर ठेवण्यासाठी आहेत. तीन-चार महिन्यांनंतरही मूठ सारखी मिटलेली आणि अंगठा आत असेल; मूल एकाच हाताने खेळत असेल; एकाच बाजूला वळत असेल; चार महिने होऊनही मान धरत नसेल; अंग काठीसारखे ताठ किंवा फडक्यासारखे ढिले वाटत असेल; येत असलेली गोष्ट करायचे मूल विसरले असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. मात्र दचकते का हे पाहायला बाळाची मान मागे सोडणे किंवा कानाशी ताटली वाजवणे, असले प्रयोग घरी करू नका. ते डॉक्टरांचे काम.

उलट, शेजारणीचे मूल आठव्या महिन्यात रांगले आणि आपले नाही, एवढ्याने झोप उडवून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. त्यात आपल्या दिल्लीची मुलेही होती. निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. पाहा, केवढे अंतर! शंभरातली चारेक मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, एकदम उभी राहिली. तेव्हा सोळा महिन्यांनी चालणारा माझा मुलगा खरोखरच ठीक होता. उशिरा होणे एक आणि एका बाजूने होणे वेगळे, एवढेच मला कळत नव्हते.

आपल्या मुलांसाठी मोजपट्टीही आपल्याकडे आहे. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांसाठी ती तयार केली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ पायऱ्या आहेत. आणि पैशांची अडचण असेल तर हेही ध्यानात ठेवा, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला आणि त्यात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आहेत.

चाकांच्या खुर्चीत मूल बसवले की लवकर चालते, हा आणखी एक समज. ते लवकर चालत नाही, फक्त लवकर जिन्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्या खुर्चीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतः उभे राहून ढकलते, आणि तोही कुणीतरी जवळ असतानाच द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे जागेपणी, कुणी समोर बसलेले असताना, बाळाला सतरंजीवर पालथे खेळू देणे. झोपवायचे मात्र उताणेच.

जाता जाता आणखी एक. माझ्या भाचीचा मुलगा आठ वर्षांचा. अक्षर गिचमिड, खुर्चीत स्वस्थ बसत नाही. कुणीतरी तिला सांगितले, याच्या बाळपणच्या प्रतिक्षिप्त क्रिया अंगात राहून गेल्या आहेत. आमच्या वर्गाला घाला, सगळे सुरळीत होईल. फीचा आकडा ऐकून भाची माझ्याकडे आली. मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांचे म्हणणे असे: काही मुलांत या क्रियांच्या खुणा शाळेच्या वयातही दिसतात, हे खरे. बेलफास्टमध्ये वाचनात मागे पडलेल्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. तान्ह्या बाळाच्या हालचालींसारखे व्यायाम वर्षभर करणाऱ्या मुलांचे वाचन अधिक सुधारले. पण साठ मुलांवरून सगळ्या जगाला औषध सांगता येत नाही. खुणा दिसल्या म्हणून अक्षर त्यांच्यामुळेच वाईट, असेही ठरत नाही. आधी मुलाचे डोळे, कान आणि वाचनातली अडचण तपासा. घरी उड्या, झाडावर चढणे, लंगडी भरपूर होऊ द्या. आणि हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहा. भाचीने डोळे तपासले. चष्मा लागला. गडी अजून खुर्चीत स्वस्थ बसत नाही, पण फळा दिसू लागला आहे.

आमचा नातू आता शाळेत जातो. एकोणीस महिन्यांचा होऊन चालला. डाव्या पायाला बुटात पट्टी आहे, डावा हात मदतनीस आहे, मालक नाही. शर्टाची बटणे लावताना तो स्वतःशी पुटपुटतो आणि कुणी मदतीला गेले की खेकसतो. गेल्या दिवाळीत तो माझ्याबरोबर बेसनाचे लाडू वळायला बसला. त्याचा लाडू उजवीकडून गोल आणि डावीकडून चपटा होतो. पाहुण्यांना देताना सूनबाई ते लाडू वर ठेवते. सिस्टरबाईंकडे पहिले ताट आमचेच जाते, आणि ते मी स्वतः घेऊन जाते. पहिल्या वर्षी दारात उभी राहून मला बोलताच येईना. त्यांनी ताट घेतले आणि विचारले, "मूठ उघडते का आता?"

उघडते. सावकाश उघडते, पण उघडते.

तुमच्या घरी या दिवाळीत पाळणा हलत असेल, तर बाळाला फटाक्यांपासून दूर ठेवा, मीठमोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, आणि त्याच्या दोन्ही मुठी उघडून पाहा. सून काही सांगत असेल तर ऐका. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.